आराधनेच्या खोलीआधी आजाऱ्यांची यादी

वाचक भगिनीचं पत्र (थोडं आटोपशीर करून) :

"वसईच्या पश्चिम पट्ट्यातल्या एका जुन्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीत) आम्ही राहतो. रविवारी चर्च भरतं, सणाला मांडव घालावा लागतो, त्यामुळे वरवर पाहिलं तर सगळं छान आहे. पण निम्मी पुरुषमंडळी प्रवचन संपेपर्यंत बाहेर चिंचेखाली मोटारसायकलींवर बसलेली असतात. कम्युनियनला (ख्रिस्तशरीर म्हणून दिली जाणारी पवित्र भाकर घ्यायला) अख्खी रांग उठते आणि घेऊन झालं की बरेचजण तसेच दारातून बाहेर पडतात. पहिल्या शुक्रवारच्या आराधनेला (त्या पवित्र भाकरीपुढे बसून केलेल्या प्रार्थनेला) आम्ही सात-आठ बायका उरलोय.

नवीन फादरांनी माझ्यावर उपासना समितीची जबाबदारी टाकली आहे. 'वर्षभरात लोकांची परमपवित्र साक्रामेंताची (म्हणजे त्याच ख्रिस्तशरीराची) भक्ती वाढेल असं काहीतरी करा' म्हणाले. कौन्सिलमध्ये तीन सूचना आल्या : चोवीस तास आराधनेसाठी एसी खोली बांधायची, चमत्कारांचं प्रदर्शन भरवायचं, मोठी मिरवणूक काढायची. खोलीला देणगीदारही मिळालाय. इकडे माझा एकोणीस वर्षांचा मुलगा म्हणतो, 'मम्मी, दर रविवारी तेच तेच. मला काही होत नाही तिथे.' त्याला काय सांगू? खरं तर चव्वेचाळीस वर्षं कम्युनियन घेतेय, पण गेले कित्येक महिने मलाही काहीच वाटत नाही. अशा बाईने दुसऱ्यांची भक्ती काय वाढवायची? फादरांना नाही म्हणून कळवू का?"

प्रिय ताई,

नाही म्हणू नका. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं निवांत वाचाल.

तुम्ही सगळ्यात शेवटी विचारलेला प्रश्न मी सगळ्यात आधी घेते, कारण तो मनात टोचत असेल तर बाकीच्या कामात तुमचा हात चालणार नाही. मदर तेरेसांची खासगी पत्रं 2007 साली छापून आली तेव्हा भल्याभल्यांना धक्का बसला होता. रोज पहाटे मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना), रोज साक्रामेंतापुढे बसणं, आणि आत मात्र जवळजवळ पन्नास वर्षं अंधार. देव जवळ आहे ही जाणीवच हरपलेली. तरी ना त्यांनी मिस्सा सोडली, ना गटाराकडेला पडलेल्या माणसाला उचलणं सोडलं. चर्चची शिकवण या बाबतीत अगदी सरळ आहे : ख्रिस्त त्या होस्टमध्ये (कम्युनियनच्या पातळ भाकरीत) असतो तो तुम्हाला तसं जाणवतं म्हणून नव्हे, आणि वेदीवरचे फादर फार पुण्यवान आहेत म्हणूनही नव्हे. तो देतो म्हणून असतो. मला तर यात मोठा दिलासा वाटतो. माझ्या मूडवर सगळं अवलंबून असतं तर माझी निम्मी कम्युनियनं वायाच गेली असती.

तरी दोन गोष्टी तपासून बघा. झोप नीट लागत नसेल, जेवणाला चव राहिली नसेल, सकाळी अंथरुणातून उठावंसंच वाटत नसेल, तर आधी डॉक्टरांकडे जा. तुमच्या वयात शरीर बरंच काही करतं आणि आपण ते आत्म्याच्या खात्यावर लिहून मोकळ्या होतो. दुसरं म्हणजे, बरेच दिवस कुमसार (फादरांपुढे पापांची कबुली) झालं नसेल तर करून टाका, आणि शक्यतो तुम्हाला रोज भेटणाऱ्या फादरांकडे नको, शेजारच्या धर्मग्रामात जा.

आणि एक सावधगिरी. समिती हातात आली की मिस्सा म्हणजे ड्यूटी होते. वाचक आला का, माईक का करकरतोय, अर्पणाच्या वेळी पुढे कोण येणार. रविवार तुमचा यातच जाणार, त्याला इलाज नाही. म्हणून आठवड्यात एक दिवस, साध्या वाराची सकाळची मिस्सा धरा, जिथे तुमच्याकडे काहीही काम नसेल. मागच्या बाकावर बसा आणि कुणी काही विचारायला आलं तर "मिस्सेनंतर" म्हणा.

आता खोलीबद्दल. देणगीदार तयार आहे म्हटल्यावर माझं म्हणणं कौन्सिलला रुचणार नाही, पण मला विचाराल तर आत्ता नको. साक्रामेंतापुढे बसणं मला कमी महत्त्वाचं वाटतं असं नाही. माझं म्हणणं क्रमाबद्दल आहे.

टॅबरनॅकलमध्ये, म्हणजे चर्चमधल्या त्या छोट्या पवित्र कपाटात, ख्रिस्तशरीर राखून ठेवायची पद्धत मुळात का पडली, हे कौन्सिलमध्ये एकदा विचारून बघा. बहुतेकजण म्हणतील, आराधनेसाठी. तसं नाही. इसवी सन 155 च्या सुमाराला संत जस्टिनने रोमच्या सम्राटाला उद्देशून ख्रिस्ती लोकांच्या रविवारचं वर्णन लिहिलंय. वाचन होतं, उपदेश होतो, भाकर आणि द्राक्षारसावर उपकारस्तुती होते, सगळे त्यात भागी होतात, आणि जे येऊ शकले नाहीत त्यांच्याकडे डीकन (सेवेसाठी नेमलेले दीक्षित मदतनीस) ते घेऊन जातात. मिस्सेबाहेरच्या कम्युनियनबद्दल आणि आराधनेबद्दल रोमने (व्हॅटिकनने) 1973 साली जो विधी प्रसिद्ध केला, त्यातही हेच स्पष्ट लिहिलंय : ख्रिस्तशरीर राखून ठेवण्याचं मूळ आणि पहिलं कारण मरणाच्या वाटेवर असलेल्याला शेवटची शिदोरी देणं हे आहे. त्याच्यापुढे गुडघे टेकून बसण्याची सुंदर प्रथा त्यातूनच वाढत गेली. आजाऱ्यासाठी ठेवलं, आणि ठेवलंय तो प्रत्यक्ष प्रभू आहे हे माहीत होतं, म्हणून लोक त्याच्यापुढे वाकू लागले.

तेव्हा समितीच्या पहिल्या बैठकीत एकच काम करा. वाडीवार, आळीवार, इमारतीवार यादी करा : आपल्या धर्मग्रामात अंथरुणाला खिळलेले, जिना उतरू न शकणारे, डायलिसिसवर असलेले, एकटे पडलेले किती? मुलं आखातात नाहीतर कॅनडात आणि म्हातारा-म्हातारी मोठ्या बंगल्यात कामवालीच्या भरवशावर, अशी घरं तुमच्याकडे कमी नसतील. यादीपुढे एक रकाना ठेवा : शेवटचं कम्युनियन कधी मिळालं? हा रकाना भरताना तुमच्या समितीचे चेहरे बघण्यासारखे होतील. नव्या टॉवरमध्ये राहायला आलेली कोंकणी, मल्याळी, तामिळ कुटुंबंही यादीत धरा. त्यांच्यातले म्हातारे कुणाच्याच आळीत मोजले जात नाहीत.

फादर महिन्यातून एकदा फेरी मारत असतीलही, पण दोन फादर आणि एवढं मोठं धर्मग्राम म्हटल्यावर ते पाच-पाच मिनिटांचं होतं. 1973 पासून सामान्य प्रापंचिकांनाही कम्युनियन देण्याचे विशेष सेवक म्हणून नेमता येतं. वेदीवर फादरांच्या बाजूला उभं राहून रांग लवकर संपवायला त्यांचा उपयोग होतोच, पण माझ्या मते त्यांची खरी गरज घराघरांत आहे. रविवारी दहाच्या मिस्सेला, कम्युनियन झाल्यावर फादरांनी सगळ्यांसमोर त्यांच्या हातात पिक्स (ख्रिस्तशरीर न्यायची लहान डबी) द्यावा आणि ज्यांच्याकडे ते निघालेत त्यांची नावं घेऊन प्रार्थना करावी. सेवकांनी तिथूनच बाहेर पडावं. हे दर रविवारी डोळ्यांसमोर घडू लागलं की ती लहानशी डबी कशासाठी आहे हे मुलांना प्रवचनाशिवाय कळतं.

घरी गेल्यावर काय, हे मी जरा सविस्तर लिहिते, कारण तिथेच गडबड होते. पिक्स गळ्यातल्या पिशवीत, छातीशी. वाटेत मासळीला थांबायचं नाही, फोन घ्यायचा नाही. घरच्यांना आदल्या दिवशी सांगून ठेवायचं : छोटं टेबल, पांढरं स्वच्छ कापड, मेणबत्ती, क्रूस, पेलाभर पाणी. आजाऱ्याला अंघोळ कधी घालतात, डायपर कधी बदलतात, औषध कधी, हे विचारूनच वेळ ठरवायची. एक तासाचा उपवास आजाऱ्यांना आणि वृद्धांना नाही, त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांनाही नाही. हे आवर्जून सांगा, नाहीतर जुनी माणसं गोळ्या न घेता ताटकळत बसतात. त्यांच्या लहानपणी मध्यरात्रीपासून पाणीही चालत नसे. तो नियम 1957 मध्ये तीन तासांवर आला आणि 1964 मध्ये एका तासावर, पण मनातून गेला नाही. गिळता येत नसेल तर लहानसा तुकडा आणि वर घोटभर पाणी. अजिबातच जमत नसेल तर फादरांना विचारा, त्यावरही मार्ग आहे.

मी एका घरी सोबत म्हणून गेले होते, तिथले आजोबा मला अजून आठवतात. आम्हाला वीस मिनिटं उशीर झाला होता. आजोबा दाढी करून, कॉलरचं वरचं बटण लावून, पाठीला दोन उशा घेऊन बसलेले. सेवकाने "शांती असो" म्हणायच्या आत त्यांनी झाडलं : "नऊपासून बसलोय मी. पाठ गेली माझी. चर्चमध्ये फादर असे उशिरा येतात काय?" सून आत बोंबील तळत होती. बाहेर यावं की नाही, तिला कळेना. तळणीचा हात पदराला पुसत ती दारातच उभी राहिली. आमच्या सेवकाने शांतपणे गॅस बंद करायला सांगितलं, तिला आत बोलावलं आणि वाचन तिच्या हातात दिलं. अडखळत का होईना, तिने वाचलं. नंतर म्हणाली, रविवारी सासऱ्यांना सोडून तिलाही निघता येत नाही. तिलाही तिथेच कम्युनियन मिळालं. यादीत आपण आजारी माणसाचं नाव लिहितो. त्याच्या उशाशी बसलेल्या बाईचं नाव कोण लिहितं? तो रकाना वाढवा.

चहा-बिस्किटांचं पण ठरवून टाका. विधी होऊन पाच मिनिटं शांततेत जाईपर्यंत चहा नाही. नंतर घ्या, आणि घ्याच, कारण गप्पा मारायलाही त्या घरी महिनाभर कुणी आलेलं नसतं.

हे सगळं झाल्यावर तुमच्या मुलाकडे येते. त्याच्याशी वाद घालू नका. "तुला काही होत नाही, मलाही हल्ली होत नाही, तरी मी जाते" एवढं खरं त्याला सांगा. आईच्या तोंडून हे ऐकायची त्याला सवय नसेल, म्हणून त्याच्या लक्षात राहील. मग त्याला काम द्या. सेवकांमध्ये गाडी चालवता न येणाऱ्या बायका असतीलच. पहिल्या शुक्रवारी त्याने स्कूटर काढायची, त्यांना तीन-चार घरी न्यायचं, मेणबत्ती पेटवायची, आजोबांना उठून बसायला हात द्यायचा. एवढंच. सेवक व्हायचं नाही, प्रार्थना म्हणायची सक्ती नाही. संत तार्सिसियसला वेदीसेवकांचा आश्रयदाता मानतात, तो परंपरेप्रमाणे साक्रामेंत नेत असतानाच मारला गेला. तो वेदीवर उभा असताना मेला नाही, रस्त्यात मेला. पण हे त्याला सांगायची घाई नको. आणि कृपा करून कार्लो अ‍ॅक्युटिसचं नाव घेऊन मागे लागू नका. पंधराव्या वर्षी गेलेला, 7 सप्टेंबर 2025 रोजी संत झालेला, कॉम्प्युटरवर साक्रामेंताच्या चमत्कारांची सूची करणारा तो मुलगा मला फार आवडतो, पण "बघ, तोही जीन्स घालायचा" असं ऐकून कुणाचा एकोणीस वर्षांचा मुलगा आजवर सुधारलेला नाही.

आता रविवारच्या मिस्सेकडे. तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं : "अख्खी रांग उठते." हीच खरी अडचण आहे. शिस्तीसाठी स्वयंसेवक एकेक बाक मोकळा करतात, आणि मग बाकावर बसून राहणं म्हणजे सगळ्यांसमोर जाहीर करणं की याचं काहीतरी बिनसलंय. चर्चच्या नियमाने कम्युनियन घेता येत नाही अशी, म्हणजे घटस्फोटानंतर पुन्हा संसार थाटलेली, दुसऱ्या धर्मातून लग्न होऊन आलेली सून, आणि ज्याला आज मनातून नको वाटतंय तो, सगळे उठतात. कुणी लाजेपोटी घेतं, कुणी पुढच्या आठवड्यापासून बाहेर चिंचेखाली थांबायला लागतं. चिंचेखालचे सगळे आळशी असतात हे मला पटत नाही. काही आहेत. पण काही तिथे आहेत कारण तिथे कुणी बघत नाही.

स्वयंसेवकांना बाकाशी उभं राहणं बंद करायला सांगा. लोक आपापले उठतील, थोडी गर्दी होईल, होऊ दे. ज्यांना घ्यायचं नाही त्यांनाही हात छातीशी धरून आशीर्वादासाठी पुढे येता यावं, फादरांची हरकत नसेल तर तसं एकदा सांगून ठेवावं. आणि मिस्सेआधी अर्धा तास कुमसारघरात फादर बसतील, असा एक रविवार महिन्यात ठरवा. लोक कुमसाराला येत नाहीत म्हणतो आपण, पण फादर भेटावेत तरी कधी? मिस्सेआधी ते साऊंडवाल्याशी बोलत असतात.

याच्या पुढचं बोलायला जरा जड आहे, पण वसईत राहून ते टाळता येणार नाही. जमिनीचे भाव चढल्यापासून बांधावरची भांडणं बिल्डरच्या टेबलावर आणि तिथून कोर्टात गेली. सख्खे भाऊ एकाच मिस्सेला येतात, दोन वेगवेगळ्या रांगांतून तोच ख्रिस्त घेतात आणि दोन वेगवेगळ्या फाटकांतून घरी जातात. पौलाने करिंथच्या लोकांना नेमकं यावरच फटकारलं होतं : एकत्र जमता, पण एक भुकेला राहतो आणि दुसरा झिंगतो, हे कसलं प्रभूचं भोजन? आणि वेदीपाशी आल्यावर भावाचं आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवलं तर अर्पण तिथेच ठेवून आधी भावाकडे जा, हे तर प्रभूनेच सांगितलंय. आपण मात्र दावा निकाली लागेपर्यंत अर्पण चालू ठेवतो. कुणाचं नाव घेऊन वेदीवरून बोलू नये, तसं केलं तर दुसऱ्या दिवशी तिसरं भांडण उभं राहील. पण प्रायश्चित्तकाळात (ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत) पवित्र गुरुवारच्या आधी फादरांनी आणि दोन जाणत्या माणसांनी अशा चार घरी जाऊन बसावं. पाय धुण्याचा विधी त्या घरांमधल्या लोकांना घेऊन करता आला तर बघा. चारांपैकी एक घर सांधलं तरी तुमचं भक्तीचं वर्ष सार्थकी लागलं असं मी धरीन.

मिस्सेतल्या बाकी दुरुस्त्या फुकट आहेत. शांती देण्याघेण्याच्या गडबडीत वेदीवर फादर मोठा होस्ट मोडतात, त्यातला कण कपात टाकतात, आणि तो क्षण बहुतेक कुणी पाहतच नाही, कारण आपण चौथ्या बाकावरच्या मावशीला हात जोडत असतो. शांतीचं अभिवादन शेजारच्या दोन-तीन जणांपुरतं ठेवा, आणि फादरांना विनंती करा की गडबड थांबेपर्यंत होस्ट मोडू नये. कम्युनियननंतर गायकमंडळींनी एक गीत म्हणावं आणि बसावं. हल्ली दुसरं, तिसरं होतं, कारण शांतता झाली की कीबोर्डवाल्याला काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. तीन मिनिटं काहीही नको. घड्याळ लावून तीन. पहिल्या आठवड्यात लोक खोकतील, मोबाईल तपासतील. महिनाभराने बसतील.

मग सूचना. सहल, सोडत, क्रिकेटच्या मॅचेस, पतपेढीची सभा, हरवलेली छत्री. कम्युनियन घेऊन लोक लगेच बाहेर का पडतात याचं निम्मं उत्तर या सूचनांमध्ये आहे. शेवटच्या प्रार्थनेनंतर थोडक्यात सूचना देता येतात, पण थोडक्यात. तीन सूचना, बाकी व्हॉट्सअ‍ॅपवर आणि दाराच्या फळ्यावर. छत्री तर नक्कीच फळ्यावर.

प्रथम कम्युनियनबद्दल तुम्ही लिहिलं नाहीत, पण तेही तुमच्याच गळ्यात येणार. पोप दहाव्या पायसने 1910 साली सातेक वर्षांच्या मुलांना वेदीपाशी येऊ दिलं, त्यात मुलांनी थांबू नये हाच हेतू होता. आज मुलं थांबत नाहीत, हॉलचं बुकिंग मिळेपर्यंत आईबाप थांबतात. पोशाखावरून वाद घालण्यात शक्ती घालवू नका. फक्त पुढच्या रविवारी, सणाच्या दुसऱ्या आठवड्यात, त्या सगळ्या मुलांना घरच्यांसोबत पुन्हा पहिल्या बाकांवर बसवा. दुसरं कम्युनियन कुणी साजरं करत नाही. तुम्ही करा.

चमत्कारांच्या प्रदर्शनाला माझा विरोध नाही, पण तो पाया नव्हे. लान्सियानोच्या चमत्कारावर (इटलीत भाकरीचं मांस झाल्याच्या जुन्या कथेवर) विश्वास ठेवलाच पाहिजे असं चर्च कुणाला सांगत नाही. पोस्टर लावायचेच असतील तर माणसांचे लावा. इसवी सन 304 मध्ये उत्तर आफ्रिकेतल्या अबितीन गावचे एकोणपन्नास जण सम्राटाची बंदी मोडून रविवारी एका घरात जमले म्हणून पकडले गेले. का जमलात विचारल्यावर घरमालक म्हणाला, प्रभूच्या या भोजनाशिवाय आम्हाला जगता येत नाही. आपल्या शेजारच्या गोव्यात 1651 साली जन्मलेले संत जोसे वाझ डचांचा पहारा चुकवून 1687 मध्ये मजुराच्या वेशात श्रीलंकेत उतरले. तिथल्या कॅथलिकांनी कित्येक वर्षं धर्मगुरू पाहिला नव्हता, ते रात्रीच्या अंधारात त्यांच्यासाठी मिस्सा करत. व्हिएतनामचे बिशप फ्रान्सिस झेवियर न्ग्युएन व्हान थुआन 1975 पासून तेरा वर्षं कैदेत होते, त्यातली नऊ एकांतात. घरून 'पोटाचं औषध' म्हणून आलेल्या वाइनचे तीन थेंब आणि पाण्याचा एक थेंब तळहातावर घेऊन ते मिस्सा अर्पण करत. ही माणसं पोस्टरवर असली तर चिंचेखालचाही थांबून वाचेल.

एक पोस्टर मुंबईचंही असू दे. 1964 च्या डिसेंबरात आंतरराष्ट्रीय युकॅरिस्टिक काँग्रेससाठी (साक्रामेंताच्या भक्तीच्या जागतिक मेळाव्यासाठी) सहावे पॉल मुंबईला आले होते, भारतात आलेले पहिले पोप. तुमच्या यादीतल्या ऐंशी ओलांडलेल्यांपैकी कुणी तेव्हा ओव्हल मैदानावर गेलं असेल तर त्यांचं ऐकून लिहून घ्या. हे काम कॉलेजच्या मुलांना द्या. त्या भेटीत पोपसाहेबांनी वापरलेली पांढरी मोटार जाताना मदर तेरेसांना दिली, आणि त्यांनी त्यात न बसता तिची सोडत काढून पैसा कुष्ठरोग्यांच्या वस्तीला लावला. देणगीदाराला ही गोष्ट जरूर सांगा. त्याच्या पैशातून वर्षभरासाठी एक नर्स, दोन व्हीलचेअर आणि चर्चच्या पायऱ्यांशेजारी रॅम्प होत असेल, तर पायऱ्यांपाशी अडकलेले निदान पाच-सहा जण रविवारी स्वतः मिस्सेला येतील.

मिरवणूक काढायची तर जूनच्या चिखलात नको, नोव्हेंबरात ख्रिस्तराजाच्या सणाला काढा. आजाऱ्यांच्या घरांवरून न्या. बँडवाले रस्ता ठरवतात तसा नको.

आणि आराधना? ती आहे तिथेच, आहे तशीच चालू द्या, फक्त दोन बदल करा. वेळ संध्याकाळी साडेआठची ठेवा, नोकरीवाले विरारच्या लोकलमधून उतरून येतील अशी. आणि तासातली वीस मिनिटं माईक पूर्ण बंद. हल्लीच्या आराधनेत प्रार्थना, नोव्हेना, गीत, साक्ष, पुन्हा गीत, असा भडिमार असतो की प्रभूलाच बोलायला जागा उरत नाही. नुसतं बेनेडिक्शन (साक्रामेंताचा आशीर्वाद) देण्यापुरता मॉन्स्ट्रन्स (होस्ट सगळ्यांना दिसावा म्हणून ठेवायचं पात्र) बाहेर काढणं तर 1973 च्या त्याच विधीने मना केलंय. ज्यांना गुडघे टेकवत नाहीत त्यांनी चटईवर मांडी घालून बसावं, हात जोडावेत, पंचांग प्रणाम करावा. भारतातल्या उपासनेसाठी 1969 साली रोमने जे बारा मुद्दे मान्य केले त्यात असल्या रीती आहेत, तेव्हा कुणी नाक मुरडलं तर घाबरू नका. सात-आठ बायकांच्या पंधरा झाल्या, त्यात चार पुरुष आले, आणि आठवड्याच्या प्रत्येक दिवशी तासभर बसायला दोघं-दोघं पुढे आले, की मग खोलीचं बोलू. साक्रामेंत उघडा ठेवून माणूस नसणं चालत नाही. चोवीस तास म्हणजे आठवड्याचे 168 तास, प्रत्येक तासाला दोन नावं. हा हिशेब कौन्सिलपुढे नुसता मांडा. पुढचा प्रश्न देणगीदार स्वतःच विचारेल.

विशेष सेवकांची नेमणूक बिशपांच्या परवानगीने होते आणि आधी प्रशिक्षण असतं, त्याला वेळ जातो. म्हणून नावं फादरांकडे याच महिन्यात द्या. आठ नावांत निदान तीन पुरुष, एक नर्स आणि नव्या टॉवरमधला एकजण असू द्या. तोवर यादी करायला कुणाच्या परवानगीची गरज नाही. येत्या रविवारी दुपारपासून सुरू करा, दुपारी म्हातारी माणसं जागी असतात.